अक्कांचा एक लाडू जास्त

"आत या रे, आधी आत या! मान वर करायची नाही!"

मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत ही आरोळी आली की समजावं, आकाशात विमान आहे आणि अंगणात अक्का आहेत. अक्का आमच्या घरमालकीण. पिढ्यान् पिढ्या बेंगळूरच्या, त्यामुळे मराठीत अधूनमधून कानडी. आणि मी पुण्याहून आलेला, विमानांच्या कारखान्यातला इंजिनियर. म्हणजे बाईंनी शत्रूलाच भाडेकरू ठेवलं होतं म्हणा ना!

"काय हो इंजिनियर, आज कुठलं भूत सोडलंत?" संध्याकाळी फाटकातच हा प्रश्न.

"अक्का, चाचणी होती. आपलंच विमान."

"सरी, सरी, असेल बरं. खाली उभं असलेल्याला काय कळतं, आपलं का परकं?"

विमान आलं की हातातलं काम टाकून अक्का गल्लीतली पोरं स्वयंपाकघरात कोंबायच्या. एकदा तर भाजीवाल्यालाही कोंबलं, पाटीसकट. मग प्रत्येकाच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू. पोरं इतकी बिलंदर, की आकाश मोकळं असलं तरी तोंडानेच घूं घूं करायची. अक्कांना ते कळायचं, पण लाडू मिळायचाच.

गंमत म्हणजे लाडू नेहमी एक जास्त काढायच्या. पोरं सात, तर लाडू आठ. उरलेला कोनाड्यात वाटीखाली झाकून ठेवायचा.

"अक्का, मोजताना चुकलात," मी चिडवायचो.

"कुणाकुणाला स्वल्प उशीर होतो," एवढंच म्हणायच्या.

पासष्टच्या लढाईत खिडक्यांना काळे कागद लागले आणि अक्कांच्या आरोळीला धार चढली. गल्ली हसायची. सगळ्यांत मोठ्याने मी.

एका सकाळी विमान आलं. आमची मिनी तेव्हा चार वर्षांची. तिला खांद्यावर घेऊन मी अंगणात उभा राहिलो. "बघ, बाबाचं विमान!" एवढ्यात अक्का धावत आल्या, मिनीला ओढून खाली घेतलं आणि मला एक सणसणीत थोबाडीत दिली. मला, चांगल्या हुद्द्यावरच्या माणसाला, भर गल्लीत!

मग चुलीपाशी बसून बोलल्या. लग्नानंतर त्या रंगूनला होत्या.

"जपान्यांची बाँब टाकणारी विमानं पहिल्यांदा आली तेव्हा कुणी लपलंच नाही हो. जत्रेसारखे सगळे रस्त्यावर, बघायला. मी आत लाडू वळत होते. मीच म्हटलं बाळाला, जा, बाबांच्या खांद्यावर बस, छान दिसेल. एवढे वळून मी आलेच."

दोघंही परत आले नाहीत. अक्का लोकांबरोबर चालत, बोटीने, कशाबशा माहेरी पोचल्या.

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. चिडवणं मात्र मी सोडलं नाही. सोडलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. फक्त विमान आलं की मीही पोरं गोळा करायला धावायचो. भाजीवाल्याची पाटी माझ्याकडे असायची.

तीन वर्षांनी अक्का गेल्या, अगदी अचानक. त्याच आठवड्यात एक विमान आलं. गल्लीतली पोरं रस्त्यात माना वर करून उभी राहिली. ओरडायला कुणी नव्हतं. मी फाटकाकडे धावलो, तोच मागून आरोळी आली.

"आत या रे, आधी आत या!"

ती आमची मिनी होती. तिने सगळ्यांना अक्कांच्या स्वयंपाकघरात नेलं. डब्यात अक्कांनी वळलेले लाडू अजून होते. ते वाटून तिने एक कोनाड्यात ठेवला. मग थोडा विचार करून शेजारी आणखी एक.

"दोन का गं?"

"आज अक्कांनापण स्वल्प उशीर झालाय ना, बाबा," ती म्हणाली आणि दोन्हींवर वाटी पालथी घातली.