देवाच्या मनात नव्हतं

माझा धाकटा भाऊ पलूसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला. ट्रॅक्टर चालवणारा आमच्याच चर्चमधला, भावाबरोबरच लहानाचा मोठा झालेला. ब्रेक लागला नाही, असं त्यानं पोलिसांना सांगितलं होतं. माती दिल्यावर काही दिवसांनी पाळकसाहेब त्याला घेऊन घरी आले. मी चहा टाकला. त्या दिवसांत मला रडू येत नव्हतं आणि रागही येत नव्हता. हात आपोआप कामं करत होते.

पाळकसाहेब आईला म्हणाले, "बाई, प्रभूची इच्छा. त्यापुढं आपलं काय चालतं?"

तोही मान खाली घालून पुटपुटला, "व्हय मावशी, देवाच्याच मनात हुतं."

आई म्हणाली, "देवाच्या मनात न्हवतं. तू पिऊन बसलास ट्रॅक्टरवर. कुणी बळंच पाजली हुती का?"

त्यानं मान वर करून आईकडं पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई. मीच प्यालो. सगळी नको म्हणत हुती, तरी मीच गेलो."

"मग आता मला क्षमा करता येईल," आई म्हणाली. "देवानं केलं असतं, तर मी कुणाला क्षमा करणार हुते?"

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तसा तो हुंदके देऊन रडायला लागला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन त्यानं जबाब बदलला.

मी कपबश्या घेऊन दारातच उभी होते. सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटत होतं. तू क्षमा केलीस का, असं आईनं मला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगावं, तेही मला ठाऊक नाही.