शिनोबू लेकीचं कौतुक करते

जपानातल्या आमच्या सेतो या कुंभारांच्या गावात कोणी लेकराचं कौतुक केलं, तर आईने ते ताबडतोब परतवून लावायचं असतं. "छे हो, कसली हुशार, नुसती धांदरट आहे," म्हणायचं. समोरची मग आपल्या पोराला त्याहून दगड ठरवते, दोघी कमरेत वाकतात आणि आपापल्या वाटेने जातात. पोरं शेजारीच उभी राहून सगळं ऐकत असतात. त्यांना वाईट वाटत असेल, तर ते दाखवायचं नसतं. आम्हीही असेच उभे राहून मोठे झालो.

शिनोबू काजिता या कामात गावात पहिल्या नंबरची. तिची लेक कोतोने तिसरीत होती. शाळेतून यायला तिला उशीर, जेवायला उशीर, बुटात पाय घालायलाही उशीर. "आमची म्हणजे गोगलगाय," असं शिनोबू मासळीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत असे. सांगता सांगता तिला ते खरंच वाटायला लागलं होतं, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

शिनोबूचे वडील इवाओ फरशांच्या कारखान्यात विक्रीचं काम करायचे. शिनोबू लहान असताना कारखान्याने त्यांना दक्षिणेला क्यूशूला धाडलं. पोरीची शाळा मोडायला नको म्हणून आमच्या रीतीप्रमाणे ते एकटेच गेले. एका गावची मुदत संपली की कारखाना दुसरं गाव दाखवायचा. घरी यायचे ते नवीन वर्षाला आणि पितरांच्या दिवसांत. वडील म्हटलं की शिनोबूला त्यांचा चेहरा आठवायच्या आधी दारातले काळे बूट आठवायचे. बूट आहेत म्हणजे बाबा आहेत, एवढंच तिला ठाऊक होतं.

म्हणून नवऱ्याची, योशिताकाची, बदली थायलंडातल्या कोरातला झाली, तेव्हा तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आपण तिघंही जाणार."

कोरातला जपानी शाळा नव्हती. एक आंतरराष्ट्रीय शाळा होती, इंग्रजीतून शिकवणारी. त्या शाळेने कोतोनेला घेतलं तर तिघं जाणार, नाही तर योशिताका एकटा, हे कंपनीने आणि सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शाळेने लॅपटॉपवरून मुलाखत घेतली. पडद्यावर मुख्याध्यापिका होत्या, उंच, पिकल्या केसांच्या डच बाई. त्यांनी हसून विचारलं, "तुमच्या मुलीचं काय विशेष सांगाल?" शिनोबूने इंग्रजीची रात्रंदिवस उजळणी केली होती. ती वाकून म्हणाली, "विशेष काही नाही. फार हळू आहे. कळायला वेळ लागतो. तुम्हाला त्रास देईल, माफ करा." इतकं स्वच्छ इंग्रजी आपल्याला जमलं म्हणून ती त्या दिवशी खूश होती. कोतोने शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

आठवड्याने शाळेचा निरोप आला. मुलीला खास मदत लागेल असं दिसतं, तसे शिक्षक आमच्याकडे नाहीत, क्षमा असावी.

 योशिताकाने माळ्यावरची एकच बॅग खाली काढली. ती बॅग शिनोबूने पाहिली.

ती तडक हिबिनोबाईंकडे गेली. बाईंचे यजमान म्हणजे योशिताकाचे जुने साहेब. दोन देशांत संसार थाटून आल्यामुळे बाईंची जीभ आमच्या मानाने जरा सैल होती.

"तू नक्की काय सांगितलंस त्यांना?"

"नेहमीचंच. हळू आहे, कळत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ते लोक आईचं बोलणं खरं धरतात. इथल्यासारखं उलटं करून ऐकत नाहीत. तू आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास."

"मग काय तिथे तिला पंडित म्हणू? खोटं नाही बोलता येणार मला."

"खोटं कोण बोल म्हणतंय? चांगलं असेल ते खरं सांग. मी फोन करते, पुन्हा एकदा बोलायला मागते. पण तिचं कौतुक तू करायचंस. ते काही मी करणार नाही."

शिनोबू घरी येऊन बसली. एक चांगली गोष्ट आठव म्हटलं, तर काही केल्या आठवेना. आपलं पोर आपल्याला माहीतच नाही, असं तिला वाटलं आणि तिची तिलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती गल्लीच्या तोंडाशी आडोशाला उभी राहिली. ही गल्ली भट्टीच्या भिंतींची. जुन्या भट्ट्यांत भांडी ठेवायच्या निकामी मातीच्या फळ्या, टेकू, साचे रचून आमच्या पणज्यांनी या भिंती उभ्या केल्या. आम्ही त्यांना टेकून सायकली लावतो. बाकीची मुलं धावत निघून गेली. कोतोने मात्र भिंतीला नाक लावून, एक एक फळी बघत, पावलाशी पाऊल लावून येत होती.

"काय बघतेस गं?" शिनोबूने पुढे होऊन विचारलं. ओरडायचा विचार होता, पण आवाज मऊच निघाला.

कोतोने दचकली. मग तिने एका फळीवरच्या पुसट गोलांवर बोट ठेवलं. "इथे वाट्या भाजल्या होत्या. हे त्यांच्या बुडाचे डाग. ही कडेची कलंडली, म्हणून तिचा रंग ओघळून शेजारणीला चिकटला. मग दोघींना उपटून काढलं असणार. बघ, इथे टवका गेलाय."

शिनोबूने वाकून पाहिलं. गोल होते. ओघळ होता. टवकाही होता.

"आणि ही फळी पुष्कळदा भट्टीत गेली असणार. गोलांवर गोल आहेत. ही आजी आहे सगळ्यांची."

शिनोबूचा जन्म या गल्लीतला. उभ्या जन्मात तिला इथे नुसती भिंत दिसली होती. शंभर वर्षांपूर्वी कोण्या कुंभाराची वाटी कलंडली, ते तिची गोगलगाय बोट ठेवून सांगत होती.  "पुढची दाखव," एवढंच शिनोबूला म्हणता आलं. त्या दिवशी दोघींनाही घरी पोचायला उशीर झाला.

दुसऱ्या मुलाखतीला हिबिनोबाई दुभाषी म्हणून बसल्या. शिनोबू जपानीतच बोलली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, नजर टेबलावर होती. "माझी मुलगी हळू आहे, कारण ती बघते. आम्ही नुसते जातो, ती बघत जाते." मग तिने भिंतीची गोष्ट सांगितली. कोतोने पडद्याकडे न पाहता आईच्या तोंडाकडे पाहत राहिली होती.

मुख्याध्यापिकांनी जरा विचार केला. मग लॅपटॉप वाकवून त्यांनी आपलं टेबल दाखवलं. "इथे तुला काय दिसतं?"

कोतोने गप्प. बराच वेळ गप्प. शिनोबूच्या जिभेवर शब्द येऊन उभे होते, माफ करा, ही अशीच आहे. तिने दात घट्ट आवळून धरले. त्या घडीला तिने जे केलं ते एवढंच, आणि आमच्याकडच्या कुठल्याही आईला विचारा ते किती अवघड आहे.

"दोन कप होते," कोतोने शेवटी म्हणाली. "तुमचा मोठा, रोज तिथेच ठेवता, डाग पक्का झालाय. दुसरा लहान. तो डाग अजून ओला आहे. कोणीतरी आत्ताच उठून गेलं."

मुख्याध्यापिकांनी खाली वाकून टेबल पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग त्या हळूच काहीतरी म्हणाल्या, ते हिबिनोबाईंनी भाषांतर करून सांगितलं. "म्हणतात, ही लवकर येईल तर बरं."

निघायच्या दिवशी आजोबा इवाओ स्टेशनवर आले. आता ते म्हातारे, अबोल. जावयासमोर वाकून त्यांनी ठरलेलं वाक्य सुरू केलं. "आमची ही वेंधळी मुलगी, तुम्हाला त्रासच..."

"आजोबा, तसं नाही म्हणायचं," कोतोनेने त्यांची बाही ओढली. "चांगलं सांगायचं असतं. नाही तर एकट्याला जावं लागतं."

 गाडी फलाटाला लागली. इवाओ आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"मी परत निघायचो ना, त्या दिवशी ही शिनोबू माझे बूट लपवायची," ते म्हणाले. "दर वेळी तिथेच, तांदळाच्या पिंपामागे. मला ठाऊक असायचं. तरी मी घरभर शोधत फिरायचो. गाडी चुकेपर्यंत."

शिनोबूला आठवलं, बाबांची गाडी नेहमी चुकायची. आई चिडायची, आणि बाबा आणखी एक जेवण घरी जेवायचे.