मेंढीनं कान कशाला टवकारले

बानाबाईच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, बिरोबा आहे, तिच्या सासऱ्याचा चांदीचा टाक आहे. त्यांच्या शेजारी चाळीसेक वर्षं लाल फडक्यात बांधलेलं एक पुस्तक होतं. बानाबाईला अक्षर येत नाही. मला जेमतेम येतं. पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळेतलं उर्दू जाऊन मराठी आलं, आणि त्याच्या पाठोपाठ माझं लग्न आलं, म्हणून मराठी माझ्या वाट्याला थोडीच आली. जेवढी आली तेवढीत हे लिहिते. मला राग आला आहे, आणि या वयात राग पोटात ठेवला तर नुसती ॲसिडिटी होते.

बानाबाई धनगराची. मी शेंद्र्याला नांदायला आले तेव्हा उन्हाळा लागला की तिच्या घरची मेंढरं आमच्या रानात बसायची. मेंढरांनी रानाला खत द्यायचं, आम्ही त्यांना जोंधळे द्यायचे. ते जोंधळे दळायला ती आमच्याच जात्यावर यायची. दोघींनी एका खुंट्याला हात घातला, तिथून आमची ओळख. आता शेंद्र्याची अर्धी जमीन कारखान्यांत गेली. आम्ही शहराला लागून हर्सूलला घर बांधलं, आणि बानाबाईचा पोरगा बिरूही मेंढरं विकून हर्सूललाच रिक्षा चालवतो. त्यामुळं ती आठवड्यातून दोनदा येते, माझी भाजी निवडते आणि माझ्या सुनेच्या कामाला नावं ठेवते. माझं तेही काम आयतं होतं.

तिची थोरली बहीण सखू. सिल्लोडच्या अंगाला एका गावात दिली होती, कडूबा नावाच्या माणसाला. लेकरू झालं नाही. कडूबाला दुसरी करायची होती आणि सखू हटेना. एका चांदण्या रात्री ती विहिरीत सापडली. अंगावर हिरवं लुगडं, आणि तिनं हातानं दूध पाजून वाढवलेली मेंढी काठावर उभी. गाव म्हणालं, पाय घसरला. रझाकारांची धामधूम नुकती निवली होती, त्या सालात एका धनगराच्या पोरीची चौकशी कोण करणार. कडूबानं दुसरी केली.

त्याहून वाईट पुढं झालं. आमच्याकडं घरातल्या मेलेल्या माणसाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, करून देव्हाऱ्यात बसवतात. कडूबानं सखूचा टाक केला नाही. टाक केला की ती आमची होती हे कबूल करावं लागतं, तिच्यापुढं हात जोडावे लागतात. आणि माहेरी करता येत नाही, कारण दिलेली लेक दुसऱ्याच्या घरची. म्हणजे सखूला बसायला कुठल्याच घरात जागा नाही. मग लोक म्हणायला लागले, विहिरीतून हाक येते. त्या विहिरीचं पाणी कुणी भरेना. जी गोष्ट गावातल्या एकाही पुरुषाच्या तोंडून निघाली नाही, ती भुताला बोलावी लागली. बानाबाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तिनं त्यावर ओवी बांधली आणि माझ्या जात्यावर म्हटली. मी जातं थांबवलं होतं, एवढं आठवतं.

आता नानासाहेब. शहरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इंग्लंडात म्हणे जुने कवी होऊन गेले, ज्यांना डोंगर, तळी आणि मेंढपाळ यांचं फार प्रेम. नानासाहेबांना त्यांचं वेड. आपल्याकडंही असे मेंढपाळ असतील म्हणून ते टेपरेकॉर्डर घेऊन रानोमाळ फिरले आणि बानाबाईच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, गेले. बानाबाईनं सखूची ओवी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. ते वा वा म्हणाले. पुढं ओव्यांचं पुस्तक निघालं. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, एक प्रत मिळाली. तिनं विचारलं, "सखू हाय ना यात?" ते म्हणाले, "आहे, सगळ्या आहेत."

बानाबाईनं ते पुस्तक लाल फडक्यात बांधलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायांच्या दिवशी, ती त्याला हळदकुंकू लावायची, हिरवी बांगडी ठेवायची, पुरणाचा नैवेद्य दाखवायची. सखूला टाक नाही मिळाला, पण छापील जागा मिळाली. देवाचं फडकं कुणी सोडून बघत नाही. मीही बघितलं नाही.

गेल्या साली, गणपती उठले होते आणि पितृपंधरवडा तोंडावर होता. माझी नात प्रांजल इंग्रजीत एम.ए. करते. तिला कॉलेजात निबंध वाचायचा होता, तो ती आम्हाला म्हणून दाखवत होती. बानाबाई खाली बसून मेथी निवडत होती.

"आजी, इंग्रजी पुस्तकांत दोन प्रकार असतात," प्रांजल म्हणाली. "एक रोमँटिक. निसर्ग, साधी माणसं, मन भरून येणं. दुसरा गॉथिक. जुने किल्ले, बंद खोल्या, कोंडलेल्या बाया, भुतं. पहिला वरच्या दर्जाचा. दुसरा रिकामटेकड्या बायांनी वाचायचा. आमच्या पुस्तकांत असंच आहे. नानासाहेब सरांनी तर लिहिलंय, गॉथिक म्हणजे खालचा गाळ, तो बसला तेव्हा वरचं रोमँटिक पाणी नितळ झालं."

"कोंडलेल्या बाया वरच्या पान्यात नसतेत का?" बानाबाई म्हणाली.

"नसतात, बानाआजी. वर फुलं असतात. हे ऐक, आपल्या मराठीतलं उदाहरण, सरांच्याच ओव्यांच्या पुस्तकातलं." आणि तिनं म्हटलं:

हिरवं गं लुगडं, पान्यावं पसरलं
चांदनं गं बाई, त्याच्या पदरी सांडलं
मेंढी उभी काठाला, कान टवकारून
कोन तिला हाक मारी, पान्याच्या आतून

"खाली टीप आहे," प्रांजल म्हणाली. "हिरवं लुगडं म्हणजे शेवाळ. आणि इथं भोळ्या मेंढीला निसर्ग साद घालतो."

मेथीची जुडी बानाबाईच्या हातातच राहिली. "फुडं?"

"पुढं नाही. संपली."

"संपली कशी? सखू कुठंय?"

प्रांजलनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, विहीर, कडूबा, टाक, सगळं. पोरीचा चेहरा उतरला. बानाबाई उठली, घरी गेली आणि लाल फडक्यातलं पुस्तक घेऊन आली. चाळीस वर्षांचं हळदीकुंकू फडक्यातून उतरून पुस्तकाची पाठ गच्च झाली होती. "काढ," म्हणाली, "आन् सखू दाव मला."

प्रांजलनं पान न् पान बघितलं. माहेर होतं, भाऊराया होता, मोट होती. सखू नव्हती.

"म्हंजी इतकी वर्सं मी कुनाला पुरन दावलं?" बानाबाई म्हणाली. "शेवाळाला?"

त्या रात्री जेवताना प्रांजलनं परत विषय काढला. ती म्हणाली, "आजी, तिकडंही हेच झालं असणार. ती भीतीची पुस्तकं आधी आली. बायांनी लिहिली, बायांनी वाचली. घरातला पुरुष काय करतो ते सरळ लिहिता येत नव्हतं, म्हणून किल्ला घातला, भूत घातलं. मग हे डोंगरदऱ्यांचे कवी आले. त्यांनी त्या पुस्तकांना नावं ठेवली, आणि त्यातलीच रात्र, तीच हाक, तोच अंगावरचा काटा आपल्या कवितेत घेतला. काहींनी तर उघड भुतं लिहिली. वेगळी पंगत मांडली ती पुढं शिकवणाऱ्यांनी."

मला इंग्रजी कळत नाही, पण हे कळलं. दोघी एका आईच्या लेकी. एकीला ओसरीवर पाहुण्यांपुढं बसवायचं, दुसरीला गोठ्यात लपवायचं, आणि ओसरीवरचीच्या अंगावर दागिने मात्र गोठ्यातलीचे.

दुसऱ्या दिवशी बिरूच्या रिक्षातून आम्ही तिघी नानासाहेबांकडं गेलो. ते आता थकलेत, कानात मशीन आहे. त्यांचा सत्कार ठरला होता आणि त्यासाठी पुस्तक नव्यानं छापायला जायचं होतं. बानाबाईला त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली. ती खाली बसली आणि पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं.

बानाबाई सगळ्यांना अरेतुरे करते, कलेक्टर आला तरी. "साहेब, तू माझी भैन अर्धी का छापली?"

त्यांना सगळं आठवत होतं. ते चिडले नाहीत, याचाच मला जास्त राग आला. "बानाबाई, तुमच्या त्या चार ओळी म्हणजे सोनं आहे. पुढं ते एकदम भुताखेतांवर जातं. काव्याचा भंग होतो."

"माझ्या भैनीचा भंग झाल्ता, त्याचं काय?"

"तसं नव्हे. शिवाय तो माणूस जिवंत होता. नाव छापलं असतं तर कोर्टकचेऱ्या."

"आस्सं बोल की," बानाबाई म्हणाली. "भेव तुला कडूबाचं व्हतं. मग भुताचं नाव कशाला बदनाम करतो?"

नानासाहेबांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, "कडूबा मरून पंधरा वर्षं झाली, नानासाहेब. आता तर कोर्ट त्याला बोलवायलाही जायचं नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले. "नव्या आवृत्तीत शेवटी एक परिशिष्ट देतो. लोकभ्रम आणि भुतांच्या समजुती. त्यात उरलेल्या ओळी घालू."

"ते कुठं असतंय?" बानाबाईनं प्रांजलला विचारलं.

"पुस्तकाच्या मागं, सगळं संपल्यावर."

"मागं नको. तिला मागूनच ढकललं व्हतं." ती उठली. "पुढं घाल, सगळी घाल, सखूचं नाव घालून घाल. नायतर माझी ओवी मला माघारी दे. अर्धी ठिवू नको."

नानासाहेब म्हणाले, विचार करतो. पुस्तक बानाबाईनं उचललं नाही. त्याचं हळदीकुंकू लागून त्यांचा टेबलक्लॉथ लाल झाला तेवढाच.

त्या नवमीला देव्हाऱ्यातली ती जागा मोकळीच राहिली. बानाबाईनं पुरण केलं, आणि नैवेद्य दाखवायचा तरी कुणाला म्हणून ताट तसंच झाकून ठेवलं. कुणी खाल्लं नाही.

सत्कार झाला. प्रांजल नवं पुस्तक घेऊन आली, तेव्हा बानाबाई माझ्याकडंच होती. मागं परिशिष्ट नव्हतं. पुढं सखू नव्हती. ओवी माघारी दिलेली नव्हती. ती होती तिथंच होती, फक्त चौथी ओळ बदललेली.

"वाच," बानाबाई म्हणाली.

प्रांजल वाचायला तयार होईना. मीच पुस्तक ओढून घेतलं आणि अक्षर लावत लावत वाचलं:

मेंढी उभी काठाला, कान टवकारून
वारा वाहे गार गार, रानफुलांतून

म्हणजे पहिल्यांदा सखूला कापलं, आणि आम्ही जाब विचारला म्हणून तिची हाकही कापली. भांडणाची काही खूणच ठेवली नाही. मला त्यांच्या घरी जाऊन त्यांचे सगळे ग्रंथ त्याच विहिरीत टाकावेसे वाटले. प्रांजल रडायला लागली.

बानाबाई मात्र हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "वैनी," ती म्हणाली, "आता मेंढी उगंच कान टवकारून उभी हाय बग. वाऱ्याला कुनी मेंढी कान टवकारतीय व्हय? मेंढरं राखलीत मी. तिला कायतरी ऐकू आल्याबिगर ती तशी उभी ऱ्हात नाय."

प्रांजलनं डोळे पुसले आणि ते वाक्य तिच्या निबंधात पहिलंच घातलं, बानाबाईचं नाव लिहून. कॉलेजात तिला नानासाहेबांच्याच एका शिष्यानं विचारलं, याचा रोमँटिक काव्याशी काय संबंध? ती म्हणाली, "मेंढीचे कान नानासाहेबांनी ठेवले सर, आणि हाक काढून टाकली. एवढाच संबंध आहे." तिला मार्क कमी पडले. घरी पेढे वाटले मी.

पण बानाबाईच्या देव्हाऱ्यातली सखूची जागा रिकामीच होती, आणि प्रांजलचा निबंध इंग्रजीत. तो सखूला काय कळणार. यंदा पितृपंधरवडा लागला तशी बानाबाई माझ्यापुढं येऊन बसली. "तुला अक्षर येतं ना, मोडकं का हुईना. तू लिव्ह. सगळं लिव्ह, ती कोन व्हती, काय झालं. आन् खाली ओवी लिव्ह. त्याला मी कुकू लावीन."

"माझ्या शुद्धलेखनाला?"

"सखूला कुठं शाळा व्हती."

म्हणून हे लिहिलं. छापलं तर छापा. पण छापणाऱ्यानं एक ऐकावं: नको असेल तर सगळंच फेकून द्या, शेवट तोडू नका. लिहून झाल्यावर बानाबाईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, कडूबाचं नाव कुठं आहे तिथं बोट ठेवून बघितलं, आणि लाल फडकं पसरलं.

हिरवं गं लुगडं, पान्यावं पसरलं
चांदनं गं बाई, त्याच्या पदरी सांडलं
मेंढी उभी काठाला, कान टवकारून
कोन तिला हाक मारी, पान्याच्या आतून
सखू माझी भैन, आतून हाका देती
पाठीवरला हात, पान्याला दावती
पाय घसरला म्हने, सांगतं सारं गाव
इहीर माझी घेती, कडूबाचं नाव