पुसत पुसत शेवगाव

श्रीगोंद्याच्या सूर्यभानरावांकडे मेहताबभाई मोटारीवर ड्रायव्हर होते. मोटार ते बरी चालवत, पण त्यांचं खरं कसब पुसण्यात होतं. रस्ता तोंडपाठ असला तरी वाटेतल्या प्रत्येक गावाशी थांबून ते पुढच्या गावाची वाट पुसत. न पुसता गेलं तर गावाला वाईट वाटतं, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे जामखेडपासून संगमनेरपर्यंत त्यांना सगळे ओळखत आणि सूर्यभानराव प्रत्येक लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर सूर्यभानरावांच्या गुळाला भाव आला आणि त्यांनी दोन माणसांचं विमान आणलं. सोबत शिकवायला कंपनीचा माणूस आला.

"मोटारीसारखंच चाक आहे," तो म्हणाला. "पायांना काम नाही. हात सोडले तरी आपोआप सरळ जातं. मोटार येते त्याला हे येतं. वैमानिकाची गरजच आम्ही काढून टाकली आहे."

गरज काढायला एकदा सुरुवात झाली की ती वैमानिकापाशी थांबत नाही, एवढं मेहताबभाईंना कळत होतं. सूर्यभानरावांच्या पुतण्याला, पुंजारामला, तर ते लगेच कळलं.

"काका, आपोआप चालतंय तर ड्रायव्हर कशाला? मोटार बी मीच बघतो की."

सूर्यभानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मेहताब, पंधरवड्यानं ऐतवारी लेकीकडं शेवगावला जायचं, इमानानं. नीट नेलंस तर मोटारीचं आन् इमानाचं, दोन्ही चाकं तुझी. न्हाईतर पुंजारामची."

घरी मेहताबभाईंच्या बायकोने, सरवरीने, विचारलं, "अजी, वरून पडलात म्हंजे?"

"मालक संगं हायेत. एकटा पडनार न्हाई."

पंधरवडाभरात मेहताबभाई विमान शिकले. वळताना हात बाहेर काढायची खोड तेवढी राहिली.

रविवारी सकाळी विमान उठलं. मिरजगाव दिसलं आणि मेहताबभाईंनी सवयीने ते खाली घेतलं. एका मोकळ्या रानात उतरले.

"काय बिघडलं?" सूर्यभानराव ओरडले.

"काय न्हाई मालक. पुसून घेतो."

बांधावर गोरक्षनाथ नावाचा शेतकरी भाकरी खात होता. "मेहताबभाई, मोटार बदलली व्हय?"

"व्हय. शेवगाव कसं?"

"वढ्यापासनं डाव्या हाताला वळा. चिंच लागंल. चिंचंखाली आमचं म्हातारं बसलेलं आसंल, त्याला पुसा."

वरून ओढे भरपूर दिसले, चिंचाही दिसल्या, म्हातारं काही दिसेना. म्हणून ते पुन्हा उतरले. तिथे विहिरीवर भागूबाई होत्या. त्यांनी पाथर्डीला पुसा असं सांगितलं आणि ताक प्यायल्याशिवाय उडू दिलं नाही.

सूर्यभानराव भडकले. "आपन उडतोय का कोंबडीवानी उड्या मारतोय? आता कुनाला पुसलंस तर उद्यापास्नं पुंजाराम!"

मेहताबभाईंनी तोंड मिटलं. विमान कबूल केल्याप्रमाणे आपोआप सरळ गेलं. कुठे सरळ, हे काही त्याने कबूल केलं नव्हतं. खाली अनोळखी नदी लागली तेव्हा सूर्यभानरावांनाच धीर धरवेना. "उतर. पन पुसू नको. मी बघतो."

ते उतरले ते थेट मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, जकातीच्या नाक्यासमोर. काठी घेतलेला एक म्हातारा शिपाई विमानाभोवती फिरून आला.

"पंख हायेत, म्हंजे पाखरू. पाखराची जकात साहेबाबिगर सांगता येत न्हाई. साहेब परवा येत्याल. बसा."

"मी कोन हाय ठावं हाय का?" सूर्यभानराव गरजले.

"न्हाई. सांगा. परवापत्तुर येळ हाय."

सूर्यभानराव बराच वेळ सांगत होते. शिपाई ऐकता ऐकता पेंगू लागला. शेवटी त्यांनी मेहताबभाईंकडे पाहिलं. मेहताबभाई जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे पुंजाराम चाकावर बसलेला होता.

"पूस," सूर्यभानराव जमिनीकडे बघत म्हणाले.

मेहताबभाईंनी टोपी काढली आणि शिपायाशेजारी उकिडवे बसले. "सलाम चाचा. शेवगाव कुनीकडं हो?"

चाचा खडबडून जागा झाला. आयुष्यभर नाक्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच पुसत आला होता. त्याला कुणी काही पुसलं नव्हतं. त्याने काठीने मातीत नदी काढली, देऊळ काढलं, आणि शेवगावात दिलेल्या बहिणीचं घर तर पायरीसकट काढलं. मग बहिणीसाठी मिरच्यांचं गाठोडं सूर्यभानरावांच्या मांडीवर ठेवलं, बिनजकातीचं, आणि विमानाला स्वतः हात लावून ढकललं.

वर गेल्यावर सूर्यभानराव म्हणाले, "चाक तुझंच, मेहताब. पुंजारामाला मी सांगतो." थोड्या वेळाने खाली एक गाव दिसलं. "उतर हितं. तू चाक सोडू नको. पुसायचं मी बघतो."

धोतर सावरत सूर्यभानराव उतरले, छाती काढून उभे राहिले आणि बांधावरच्या माणसाला म्हणाले, "ए, शेवगाव कुठंय?"

माणसाने पाठ फिरवली.

"मालक," मेहताबभाई विमानातून ओरडले, "आदी रामराम घाला!"