शेवटच्या बाकाचं उतरवून होईपर्यंत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते नेसरीच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंचे. शेवटच्या बाकाचं उतरवून झाल्याशिवाय त्या फळा पुसू देत नसत. त्या बाकावर मी असायचो आणि माझा हात सावकाश चालायचा. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच.

आता शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. मध्यंतरी लग्नांचं शूटिंग करणारे एक गृहस्थ, आमच्याकडूनच घेतलेली चार टेराबाइटची हार्ड डिस्क घेऊन आले.

"काय पावणं, चारची म्हणून दिली आणि दोनवरच भरली! निम्मी दुकानातच ठेवून घेतलीसा व्हय?"

चूक माझी होती. डिस्कवरचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत, याची नोंद सुरुवातीलाच असते. जुन्या पद्धतीच्या नोंदीला दोन टेराबाइटच्या पुढचं मोजता येत नाही. लहान डिस्कच्या सवयीनं मी तीच निवडली होती. जीपीटी ही नवी पद्धत लावली की पूर्ण जागा मिळणार होती. पण आमच्या रीतीनं त्यासाठी आधी सगळं पुसावं लागे.

"पुसा की मग. घरच्या कॉम्प्युटरवर हाय सगळं."

"काका, एकदा घरी विचारून घ्या."

वैतागून त्यांनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडून काकी म्हणाल्या, "जागा न्हाय म्हणून तुम्हीच काढून टाकलं की तिथलं! इसरलासा?"

काका स्टुलावर बसले. "हातकणंगल्याचं लगीन अजून नवरीकडं दिलेलं न्हाय," एवढंच म्हणाले.

मालकांनी दुकानातली मोठी डिस्क काढून दिली. "तुझी चूक, तूच निस्तर." कॉपी दुसऱ्या दिवशी दुपारी पुरी झाली. हातकणंगल्याचं लग्न काकांनी स्वतः उघडून पाहिलं, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. मगच मी पुसलं, नवी नोंद लावली आणि सगळं परत भरून दिलं.

त्याच आठवड्यात बाईंना पत्र टाकलं:

"आदरणीय बाई, नमस्कार. माझ्या हातून कामात चूक झाली. ती सुधारताना एका माणसाची सगळी मेहनत पुसली जाणार होती. 'सगळं हाय,' असं ते म्हणत होते, तरी मी तपासायला लावलं. तुम्ही 'झालं का?' विचारायचात, तेव्हा वर्ग हसेल म्हणून मी पुष्कळदा झालेलं नसतानाही 'झालं' म्हणायचो. तुम्ही बाकापर्यंत येऊन वही बघायचात. मला त्याचा राग यायचा. तो माफ करा.
आपला, शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी."