गळा असून कुजबुजणारा

मी जॅझ गातो, असं इंदूरमध्ये कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या आईकडे. बिचारीच्या नशिबी काय आलं, असं त्या बघण्यात असतं. कारण आई नाट्यसंगीत गायची. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ती गायला बसली की मागच्या रांगेतूनसुद्धा ‘वन्समोर’ यायचा. आणि तिचा नियम पक्का होता: वन्समोर मिळाला की पद पुन्हा म्हणायचं, पण तसंच नाही. "दुसऱ्यांदा तेच ऐकवायचं असेल तर लोकांनी घरी जाऊन जेवावं," म्हणायची.

मी शाळेत असताना तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. उरली ती कुजबुज. पण शिकवणं तिनं सोडलं नाही. स्वयंपाकघरात तिच्या तोंडाशी कान नेऊन मी गाणं शिकलो. भाजी चिरताचिरता ती एक ओळ म्हणायची, मी तितक्याच हळू ती परत म्हणायचो. जरा जोर लावला की म्हणायची, "हळू म्हण, दूध उतू जाईल." दुधाचा आणि गाण्याचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढे कॉलेजात जॅझ ऐकलं. ते गायक माइकला अगदी बिलगून, सावकाश, एकाच माणसाला काहीतरी सांगावं तसं गात होते. ऐकताक्षणी वाटलं, अरे, हे तर आमचं स्वयंपाकघर! मग मीही गाणी लिहायला लागलो. मराठीत, मधूनच हिंदीत, आमच्या घरी बोलतात तशी.

आईला मात्र ते ऐकवत नसे. "गळा चांगला आहे ना तुझा? फिर ये फुसफुस कशाला?" मला वाटायचं, तिला जॅझच आवडत नाही. मग एकदा मावशीशी बोलताना तिला मी ऐकलं. "माझ्या बसक्या आवाजानं पोराचं गाणं नासवलं गं." त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. तिनं एकदा समोर बसून ऐकावं, आणि काही नासलेलं नाही हे तिला पटावं. पण ती यायचीच नाही. कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे.

या हिवाळ्यात राजवाड्यामागच्या एका कॉफीच्या दुकानात, वरच्या मजल्यावर आमचा कार्यक्रम ठरला. लहानशी खोली, मोजकी टेबलं, मंद दिवे. याला कॅबरे म्हणतात, पण मंडळाच्या काकूंपुढे मी तो शब्द गिळला. त्यांच्या डोळ्यांपुढे भलतेच नाच आले असते. घरगुती मैफल आहे, म्हणालो. काकू नटूनथटून आल्या आणि आईला ओढतच घेऊन आल्या.

पहिलंच गाणं ऐन रंगात आलं आणि काकूंच्या टेबलावरून आरोळी आली, "वन्समोर!" माझा ड्रमवाला दचकून थांबला. "क्या हुआ भिया, सुर गया क्या?"

"अरे नहीं, पसंद आया इनको. वापस मुखडा ले."

मुखडा मी वेगळ्या वळणानं घेतला, आणि ड्रमवाल्याची कळी खुलली. जॅझमध्ये दुसरं काय करतात? मग काकूंना चेवच चढला. प्रत्येक गाण्याला वन्समोर. शेवटी आईनं शेजारच्या काकूंचं मनगट धरलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ वाचण्यात माझं बालपण गेलंय. ती म्हणाली, "उगाच देऊ नका."

मला राग आला आणि रडूही आलं. शेवटचं गाणं राहिलं होतं, माझंच. गळा मोकळा सोडून म्हटलं असतं तर ती कदाचित खूश झाली असती. क्षणभर तो मोह झालाही. पण मग ते गाणंच राहिलं नसतं. मी माइकच्या आणखी जवळ गेलो.

"हळू म्हण, दूध उतू जाईल,
मोठ्यानं नको, सकाळ जागी होईल..."

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. त्या गलक्यात आईचे ओठ हलले. शेजारच्या काकूंनाही काही कळलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. मी माइक स्टँडवरून काढला आणि तिच्यापुढे नेऊन धरला. तिनं आधी तो हातानं दूर लोटला. मग मी जसा वाकतो, अगदी तशी वाकली.

"वन्समोर."

ती कुजबुज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली. आईनं मान वर करून स्पीकरकडे पाहिलं, आणि माइक स्वतःच पुन्हा जवळ ओढला.

"आणि तसंच नको."

मी माइक परत मागितला नाही. तिच्या खुर्चीशी खाली बसलो, कान तिच्या तोंडाशी नेला, आणि पहिली ओळ तिनं म्हटली.