उसवलेली उजवी बाही

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते शहापूरला, त्यांच्या पुतण्याच्या घरी. त्यांच्यासाठी पांढरं पोलकं शिवून नेलं होतं. त्यांनी ते उलटं केलं, चष्मा सरकवला आणि आतली शिवण बघत बसल्या. बरं नाही, वाईट नाही... नुसतं "ठेव तिथं" म्हणाल्या. पंधरवड्यानं बाई गेल्याचा निरोप आला. रडू आलं, पण त्याआधी मनात आलं, की आता ते विचारायचं कुणाला? बाईंचा माझ्यावर भरवसा होता, की त्यांनी माझा नादच सोडला होता?

भंडाऱ्यातल्या मुलींच्या शिवणशाळेत त्या मुख्याध्यापिका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि नलू तिथं एकदमच लागलो. मी शिवण शिकवायची, ती भरतकाम. पहिलं वर्षभर बाई माझ्या वर्गात यायच्या आणि पोरींसमोर माझीच शिवण उसवायला लावायच्या. पोरी माना खाली घालून हसायच्या. मी घरी जाऊन उशी भिजवायची. नलूच्या वर्गात मात्र त्याच बाई स्टूल ओढून बसायच्या, तिच्या सुईत दोरा ओवून द्यायच्या. मला राग यायचा, पण निदान येत तरी होत्या.

मग जवाहरनगरच्या वसाहतीतल्या मुलांच्या शर्टांचं काम शाळेला मिळालं. एवढं मोठं काम पहिलंच. बाईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आपल्या शेतातल्या धानाच्या रोवणीसाठी सरळ करडी गावाला निघून गेल्या. इकडे पोरींनी कापडाचे थर एकाआड एक उलटे न घालता सगळे सुलट्या बाजूनंच एकावर एक रचून कापले आणि ढीगभर बाह्या निघाल्या त्या साऱ्या डाव्या. मी लगेच शिपायाला करडीला पिटाळलं. तो संध्याकाळी एकटाच परतला. "बाई बांधीतल्या चिखलात उभ्या होत्या. म्हणाल्या, शकुनले सांग, मी येऊन काय करू?"

नलूची सुई मोडली तरी धावणाऱ्या बाई! रागारागात मी उरल्यासुरल्या कापडातून उजव्या बाह्या काढल्या, पुरेना तिथं बगलेखाली जोड दिला. शर्ट गेले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाई परतल्या, नमुन्यादाखल ठेवलेल्या एका शर्टाच्या जोडावरून त्यांनी बोट फिरवलं, घडी घातली. त्यानंतर माझ्या वर्गाची पायरी त्या चढल्या नाहीत. नलूकडे निवृत्त होईपर्यंत रोज. एकदा धीर करून विचारलंच, "बाई, तुम्ही माह्या वर्गात येत नाही. माह्यं काही चुकलं का?"

"कायले येऊ? तुले काही पाह्यजे का?"

"नाही."

"मंग?"

त्या 'मंग'चा अर्थ मला आजवर लागलेला नाही. भरवसा म्हणावा, तर तो इतका कोरडा असतो का? नाद सोडला म्हणावं, तर अडलेलं प्रत्येक काम माझ्याच टेबलावर कसं यायचं?

तेरवीला नलू हुंदके देत म्हणाली, "बाईंचा माह्यावर लय जीव होता. रोज यायच्या."

"आणि माह्यावर?"

ती प्रामाणिकपणे विचारात पडली. "तुह्याकडे तर येतच नव्हत्या वं..."

निघताना पुतण्याच्या बायकोनं ते पोलकं माझ्या हाती दिलं. उजवी बाही पूर्ण उसवलेली, पण कापडाला कुठं ओरखडा नाही. "काकूबाईनं आपल्याच हातानं उसवलं. मी टाके घालू का म्हटलं, त हात लावू देल्ला नाही. शकुनले दे म्हणे."

"घट्ट होत होती का? हात सुजला होता का?"

"सुजला होता थोडा. पण घालून कुठं पाह्यलं त्याईनं?"

पोलकं माझ्या मशीनवर पडून आहे. जुन्या टाक्यांची भोकं उजेडात धरून पाहिली. रेघ सरळ आहे. बाही सैल करून जोडायची, की होती तशीच, की त्यांना काही वेगळंच दिसलं होतं... सुईत दोरा ओवून ठेवलाय. या खेपेला तरी बाईंनी यायला हवं होतं.